पुस्तक एक पाऊल पुढे: महाकादंबरी आणि तिची मालिका सोबत कशी घ्यावी

आधी पुस्तक वाचायचं की आधी मालिका बघायची, हा वाद बडोद्यात आमच्या दांडिया बाजारात हल्ली क्रिकेटच्या खालोखाल रंगतो. निमित्तही तसंच आहे. जाडजूड कादंबऱ्यांवरून केलेली 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०१९ मध्ये संपली, पण त्याच जगातल्या मालिका येतच राहिल्या: २०२२ मध्ये 'हाउस ऑफ द ड्रॅगन', २०२६ च्या जानेवारीत 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स'. मालिका बघून भारावलेली कॉलेजची पोरं जाडजूड पुस्तक घरी आणतात आणि पन्नासाव्या पानावर गाडी रुतते. "मावशी, नावंच इतकी आहेत की वंशावळ काढून भिंतीवर लावावी लागेल," ही माझ्या भाच्याची तक्रार. उलट ज्यांची पुस्तकं आधी वाचून झालेली असतात, ते मालिका बघताना दर पाच मिनिटांनी "छे, असं नव्हतंच" म्हणून शेजारच्याचं डोकं खातात.

दोन्ही पक्षांना माझं सांगणं एकच. दोन्ही सोबत घ्या, पुस्तक एक पाऊल पुढे ठेवा, आणि फरक दिसला की चिडण्याआधी विचारा: हा बदल त्यांना का करावा लागला? बहुतेक वेळा उत्तर सापडतं, आणि ते शोधताना गोष्ट सांगण्याच्या दोन्ही कला जरा जवळून कळतात.

एक सूचना आधीच. कथेतलं रहस्य आधी फोडणाऱ्या माहितीला 'स्पॉइलर' म्हणतात. पहिल्या पुस्तकातला सगळ्यांत मोठा स्पॉइलर पुढे येणार आहे.

## मुळात ही पुस्तकं आहेत काय

'एपिक फँटसी' म्हणजे पूर्णपणे कल्पित जगात घडणारी, अनेक खंडांची मोठी गोष्ट. त्या जगाला स्वतःचा नकाशा असतो, घराणी असतात, धर्म असतात, शेकडो वर्षांचा इतिहास असतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ज्या कादंबरीमालेवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' झाली, तिचा पहिला खंड १९९६ मध्ये आला, दुसरा १९९८, तिसरा २०००, चौथा २००५ आणि पाचवा २०११ मध्ये. सहावा अजून यायचा आहे. दूरचित्रवाणीवरची मालिका एप्रिल २०११ मध्ये सुरू झाली आणि मे २०१९ मध्ये आठव्या सीझननंतर संपली.

एक गंमत बघा. पहिल्या पुस्तकात सुरुवातीची नांदी धरून ७३ प्रकरणं आहेत. आणि अख्ख्या मालिकेचे भागही ७३च. पाचही पुस्तकांची प्रकरणं मोजली तर ती ३४४ भरतात, आणि तरी गोष्ट संपलेली नाही. मालिकेने पहिली ७३ प्रकरणं १० भागांत बसवली. तक्रार करण्याआधी हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

## कॅमेऱ्याला मनातलं दिसत नाही

या पुस्तकांची खरी गुरुकिल्ली प्रकरणांच्या मथळ्यांत आहे. जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचं नाव दिलेलं असतं आणि त्या प्रकरणात आपल्याला फक्त त्या पात्राला दिसतं, ऐकू येतं आणि वाटतं तेवढंच कळतं. याला 'दृष्टिकोन-पात्र' म्हणू. पहिल्या पुस्तकात नांदी सोडली तर अशी आठ पात्रं आहेत. बाकी सगळी, म्हणजे राजासुद्धा, राणीसुद्धा, आपल्याला बाहेरूनच दिसतात. त्यांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज त्या आठ जणांसारखाच आपणही बांधायचा, आणि त्यांच्यासारखंच आपणही फसायचं.

मालिकेत ही सोय नाही. कॅमेरा सगळ्यांकडे बाहेरूनच बघतो. त्याची किंमत काय आणि कमाई काय, हे एका प्रसंगातून नीट दिसतं.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे नेड स्टार्क या सरदाराचा भर चौकात शिरच्छेद होतो. आपण त्यालाच नायक समजत असतो. मालिकेच्या जाहिरातीतही सिंहासनावर तोच बसलेला होता. पुस्तकात हे प्रकरण नेडच्या नावाचं नाही, त्याच्या धाकट्या मुलीच्या, आर्याच्या नावाचं आहे. ती गर्दीत आहे, बेलर नावाच्या जुन्या राजाच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढून बघते आहे. वडील गुन्हा कबूल करतात, बालराजा ऐन वेळी शब्द फिरवतो, ती खाली उडी मारून गर्दीत घुसते आणि योरेन नावाचा एक माणूस तिला घट्ट धरून म्हणतो, बघू नकोस. तलवार पडते तेव्हा आर्याला काही दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. तिला फक्त गर्दीचा आवाज येतो. योरेनने तिला एवढ्या माणसांत हेरलं कसं, हे त्या प्रकरणात कळत नाही, कारण तिलाच ते ठाऊक नाही.

मालिकेत याच जागी एक छोटी भर आहे. नेडला धरून नेत असताना त्याला पुतळ्यापाशी आर्या दिसते. योरेनजवळून जाताना तो एकच शब्द पुटपुटतो: "बेलर." योरेन वळतो, आणि तिकडे जातो. मान खाली घालण्याआधी नेड पुन्हा पुतळ्याकडे बघतो. तिथे कोणी नसतं. म्हणजे मरताना या बापाला निदान एवढं तरी समजलं, की आपलं लेकरू हे बघणार नाही.

पुस्तकातला नेड मरताना काय विचार करत होता हे आपल्याला कळूच शकत नाही. मालिकेने ते त्याच्या नजरेतून सांगितलं, एका शब्दाच्या जोरावर. माझ्या मते इथे पडदा पानाला तोडीस तोड आहे. पण हे कळण्यासाठी दोन्ही लागतात. नुसती मालिका बघणाऱ्याला तो शब्द साधा वाटतो, आणि नुसतं पुस्तक वाचणाऱ्याला तो ऐकूच येत नाही.

## कीर्तनकाराला किती ओव्या घेता येतात

पोथीत एका आख्यानाच्या शेकडो ओव्या असतात. कीर्तनाला उभे राहणारे बुवा त्यातल्या निवडक घेतात. नऊला आरती व्हायची असते, पुढच्या रांगेतली मुलं पेंगायला लागलेली असतात, साथीला पेटी-तबला जेवढा असेल तेवढाच असतो. मग बुवा दोन पात्रांचं एक करतात, लांबलेला प्रवास एका वाक्यात उरकतात आणि जिथे श्रोता डोळे पुसतो तिथे मात्र मनसोक्त थांबतात. पोथी आपल्या जागी असते, बुवांनी ती फाडलेली नसते.

मालिका करणारे डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांच्यापुढे याच अडचणी होत्या, फक्त आकडे मोठे होते.

पैसा घ्या. पहिल्या पुस्तकात टिरियन हे पात्र एका मोठ्या लढाईत प्रत्यक्ष लढतं. मालिकेत लढाई सुरू होण्याआधीच तो डोक्याला मार लागून बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. हसू येतं, पण त्या सीझनच्या अंदाजपत्रकात ती लढाई बसत नव्हती. दुसऱ्या सीझनमधल्या समुद्रावरच्या लढाईचं मूळ वर्णन वाचा: नदीच्या मुखाशी पाण्यातून वर ओढली जाणारी अजस्र साखळी आणि तिच्यामागे अडकलेली जळती गलबतं. पडद्यावर हिरवी आग आहे, साखळी नाही. आणि तो भाग स्वतः मार्टिन यांनी लिहिलेला आहे! हा माणूस १९८० च्या दशकात टीव्हीसाठीच लिहीत होता. तिथे दर संहितेला "फार खर्चिक" असा शेरा मिळायचा, म्हणून कंटाळून तो कादंबरीकडे वळला आणि मनाला येईल तेवढं मोठं जग उभं केलं. शेवटी तेच जग टीव्हीवर आलं आणि त्याची साखळी कापायची वेळ त्याच्यावरच आली.

वय ही दुसरी अडचण. पुस्तकाच्या सुरुवातीला परागंदा राजकन्या डेनेरिस १३ वर्षांची आहे, नेडच्या घरची पोरं जॉन आणि रॉब १४ चे, आर्या ९ ची. मालिकेत सगळ्यांची वयं वाढवली, आणि ते योग्यच झालं, कारण पुस्तकात त्या वयाच्या मुलीच्या वाट्याला जे येतं ते पडद्यावर दाखवणं शक्यच नव्हतं. पण याचा एक परिणाम आपल्या लक्षात येत नाही. मालिकेत रॉब चुकतो तेव्हा तो अविचारी राजा वाटतो. पुस्तकात तो अजून पोरसवदा मुलगा आहे, आणि त्याची चूक वाचताना राग येण्याऐवजी पोटात तुटतं.

कधी अडचण निव्वळ कागदोपत्री असते. 'द रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेकडे टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे आणि त्याच्या परिशिष्टांचे हक्क होते, पण जुन्या युगांची सविस्तर गोष्ट ज्यात आहे त्या 'सिल्मरिलियन'चे नव्हते. त्या मालिकेत मधेमधे मोठी भोकं का दिसतात, याचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

## म्हणजे प्रत्येक बदल माफ?

मुळीच नाही. नाइलाजाने केलेला बदल वेगळा, विचारपूर्वक केलेला वेगळा आणि कंटाळून केलेला वेगळा.

विचारपूर्वक केलेल्या बदलाचा नमुना दुसऱ्या सीझनमध्ये आहे. आर्या शत्रूच्या किल्ल्यात नाव लपवून राहते आणि शत्रूपक्षाचा प्रमुख टायविन लॅनिस्टर याचीच पेलेवाली होते. पुस्तकात असं काही नाही. तिथे ती पुढे दुसऱ्याच सरदाराची पेले भरते. पण म्हातारा कसलेला राजकारणी आणि ही चुणचुणीत पोर यांची एका खोलीतली ती संभाषणं मालिकेतल्या उत्तम प्रसंगांत मोडतात. पहिल्या सीझनमध्ये राजा आणि राणी आपल्या फसलेल्या लग्नाबद्दल शांतपणे बोलतात, तोही प्रसंग पुस्तकात नाही. असणार कसा? पहिल्या पुस्तकात दोघांपैकी कोणीच दृष्टिकोन-पात्र नाही. जिथे पुस्तकाला दार बंद होतं तिथे कॅमेरा आत गेला.

आणि वाईट बदल? पाचव्या सीझनमध्ये दक्षिणेकडच्या डोर्न राज्याचं जे केलंय त्याला माझ्याकडे माफी नाही. पुस्तकात तिथला राजा संथ, आजारी, वर्षानुवर्षं सूड मनात धरून बसलेला धूर्त माणूस आहे. मालिकेत त्याच्या वाट्याला खुर्चीत बसून बघत राहणं आलं. शेवटच्या दोन सीझनमध्ये तर माणसं या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या झटपट पोचतात की पूर्वी एवढ्याच प्रवासात एक अख्खं पुस्तक जायचं हे आठवून हसावं की रडावं कळत नाही.

## पण रहस्यच फुटलं तर मजा काय उरली?

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच. १९८७-८८ मध्ये दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे. शेवटी रावण मरतो हे कोणाला ठाऊक नव्हतं? लोक बसायचे ते कसं दाखवतात हे बघायला. त्या मालिकेत लक्ष्मणरेषा होती, जी वाल्मीकींच्या रामायणात नाही. आणि हे आपल्या गावाला तरी नवं वाटू नये. वाल्मीकी रामायणाच्या देशभरच्या हस्तलिखितांतले पाठभेद ताडून जी चिकित्सक आवृत्ती निघाली, ती १९६० ते १९७५ या काळात बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानेच काढली. एकाच कथेचे किती पाठ, कुठे काय वाढलं, कुठे काय गळलं, हे मांडी घालून तपासण्याची परंपरा आपल्या दारातली आहे.

नव्या गोष्टीला हे लागू पडत नाही, असं कोणी म्हणेल. तिसऱ्या पुस्तकात एक लग्न आहे. कोणाचं, ते सांगत नाही. पुस्तक २००० सालचं, मालिकेचा तो भाग २ जून २०१३ चा. जुने वाचक तेरा वर्षं वाट बघत होते आणि त्या रात्री त्यांनी टीव्हीऐवजी शेजारी बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर मोबाइल रोखले. पुढचं माहीत असणाऱ्याला वेगळी भीती वाटते: दरवाजा बंद होताना दिसतो आणि ओरडता येत नाही.

तरीही पहिला धक्का एकदाच बसतो हे खरं. तो पुस्तकात बसावा असं मला वाटतं. पानावर धक्का बसला की माणूस मागची पानं उलटून खुणा शोधतो. पडद्यावर पुढचा भाग आपोआप सुरू होतो.

## नटांचे चेहरे डोक्यातून जात नाहीत, त्याचं काय?

हा आक्षेप खरा आहे आणि जुनाही. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची १४ चित्रं करून घेतली. त्यातली चित्रं आज फतेहसिंग संग्रहालयात उभं राहून बघता येतात. पुढे रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घराघरांत देव-देवतांना चेहरे आणि साड्या दिल्या, आणि आपण अजून त्याच चेहऱ्यांना हात जोडतो. एकदा चेहरा बसला की बसला.

म्हणूनच पुस्तक एक पाऊल पुढे. आधी निदान पाच-सहा प्रकरणं वाचा, म्हणजे मनात तुमचा एक टिरियन तयार होईल. मग नटाचा टिरियन आला तरी तो तुमच्या टिरियनला पुरता हुसकावू शकणार नाही. पुस्तकातल्या टिरियनचं नाक लढाईत जवळजवळ पूर्ण कापलं जातं, मालिकेत चेहऱ्यावर फक्त वण राहतो. डेनेरिसचे डोळे पुस्तकात जांभळे आहेत. वाचताना हे तपशील मुद्दाम लक्षात ठेवले की पुस्तकातला माणूस पुस्तकातच राहतो.

## कुठे वाचायचं, कुठे थांबायचं

पहिलं पुस्तक म्हणजे पहिला सीझन, दुसरं म्हणजे दुसरा, हे गणित ढोबळमानाने जमतं. पुस्तकाची साधारण सात-आठ प्रकरणं वाचायची, मग एक भाग बघायचा. तिसरं पुस्तक अवाढव्य आहे आणि तिसऱ्या-चौथ्या सीझनमध्ये वाटलेलं आहे, त्यामुळे ते सलग वाचून मग दोन्ही सीझन बघितलेले बरे.

खरा गोंधळ पुढे आहे. चौथं आणि पाचवं पुस्तक एकामागून एक घडत नाहीत. बराच काळ ती समांतर चालतात, फक्त प्रदेश आणि पात्रं वेगळी. चौथ्यात जॉन, टिरियन, डेनेरिस जवळजवळ नाहीतच, आणि हे ठाऊक नसलेला वाचक दीडशे पानं त्यांची वाट बघून पुस्तक मिटतो. पाचव्या सीझनने दोन्हींतलं थोडं थोडं उचललं आणि सहाव्यापासून मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. इथे सोबत वाचण्याचा नाद सोडून द्या. दोन्ही पुस्तकं आपापल्या गतीने वाचा. काही वाचकांनी दोन्हींची प्रकरणं काळानुसार गुंफून याद्या केल्या आहेत. पहिल्या वाचनाला त्यांच्या नादी लागू नका.

पुस्तकं पूर्ण होणारच नसतील तर कशाला वाचायची, असंही विचारतात. उलटं उदाहरणही आहे. 'व्हील ऑफ टाइम' या दुसऱ्या एपिक फँटसीचे १४ खंड १९९० ते २०१३ या काळात पूर्ण झाले. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले, शेवटचे खंड ब्रँडन सँडरसन यांनी लिहिले. पण तिच्यावरची मालिका तीन सीझननंतर २०२५ मध्ये बंद करण्यात आली. एकीकडे मालिका संपली आणि पुस्तक अर्धवट, दुसरीकडे पुस्तक संपलं आणि मालिका अर्धवट. हमी कुठेच नाही, तेव्हा शेवटावर अडून बसू नये.

## जिथे पुस्तकालाच मन नाही

'हाउस ऑफ द ड्रॅगन' बघणाऱ्यांसाठी नियम उलटा होतो. तिचं मूळ पुस्तक, २०१८ सालचं 'फायर अँड ब्लड', ही कादंबरी नाहीच. त्या कल्पित जगातल्या एका पंडिताने नंतर लिहिलेली बखर आहे. त्याच्यासमोर वेगवेगळे साक्षीदार आहेत, एक धर्मगुरू, एक दरबारी विदूषक, आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतो. बंद दाराआड काय झालं हे पुस्तकाला ठाऊक नाही. मालिका मात्र दाराआडच राहते आणि दर वेळी एक उत्तर निवडते. राजकुमार एमंडच्या हातून भाच्याचा जीव जातो. बखरीत ते सरळ सूडाने केलेलं कृत्य आहे. मालिकेत त्याचा ड्रॅगन त्याला जुमानत नाही, आणि जे घडलं त्याने तो स्वतःच हादरलेला दिसतो. दोन्ही खरं असू शकतं, कारण बखर लिहिणारा तिथे नव्हता. इथे मालिका आधी बघून मग पुस्तक वाचलं तरी काही बिघडत नाही. उलट, इतिहास लिहिणारे कसे चुकतात याची मजा जास्त येते.

## उरलेल्या शंका

ड्रॅगन आहेत म्हणजे मुलांचं, हा गैरसमज काढून टाका. दोन्ही मालिका आणि त्यांची पुस्तकं सरळसरळ मोठ्यांसाठी आहेत. इंग्रजी जड जाईल का? वाक्यं सोपी आहेत, अडतात ती नावं, आणि नावांसाठी मालिकेचा फार उपयोग होतो. चेहरा आणि झेंडा बघितला की घराणं लक्षात राहतं. पुस्तकाच्या शेवटी घराण्यांची यादी असते, तिथे एक जुनं तिकीट खुणेला घालून ठेवा.

आणि एवढा पसारा झेपेल का अशी धाकधूक असेल तर मोठ्या पुस्तकाला हातच लावू नका. भाच्याला मी 'द हेज नाइट' दिलं. १९९८ मधली ही छोटी कादंबरिका दोन-तीन बैठकांत होते. एक गरीब, उंचपुरा, फारसा हुशार नसलेला योद्धा, त्याच्यासोबत टक्कल केलेला एक पोरगा, आणि गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या एकाच माणसाच्या नजरेतून. 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स'चा पहिला सीझन याच गोष्टीवर आहे आणि त्याचे भाग फक्त सहा आहेत. शनिवारी वाचून रविवारी बघायला सुरुवात करता येते.